प्लास्टर घातलेल्या रुग्णाच्या हातापायाची तपासणी परिचारिकेने नेमकी कशी करावी?

तुम्ही विचारले आहे की, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात अस्थिरोग वॉर्डात पोस्टिंग लागले आहे, वेदना, फिकेपणा, नाडी न लागणे, मुंग्या, लुळेपणा आणि थंडपणा ही सहा लक्षणे पाठ आहेत, पण खाटेपाशी उभे राहिल्यावर सुरुवात कुठून करावी आणि कशाला किती महत्त्व द्यावे हे उमगत नाही. मी बरीच वर्षे अस्थिरोग आणि अपघात विभागात परिचारिका म्हणून काम करते. माझ्या मते ही लक्षणे एका दमात पाठ केल्यामुळेच घोटाळा होतो, कारण ती एकदम येत नाहीत. काही अगदी सुरुवातीला दिसतात, तर काही इतकी उशिरा दिसतात की तोवर स्नायू वाचवण्याची वेळ हातातून निघून गेलेली असते.

तपासणी नेहमी चांगल्या पायापासून सुरू करावी. रुग्णाचे नेहमीचे बळ किती, त्वचा किती उबदार, स्पर्श कसा जाणवतो हे आधी ठाऊक असल्याशिवाय दुखऱ्या पायात काय बदलले आहे हे सांगता येत नाही. पांघरूण पूर्ण बाजूला करावे आणि दोन्ही पाय उघडे ठेवून शेजारी शेजारी पाहावेत. अंगठ्या, बांगड्या, जोडवी आणि घोट्याला बांधलेला काळा दोरा सूज चढण्याआधीच काढून नातेवाइकांच्या हाती द्यावा. जोडवी काढायला घरचे कधी कधी तयार नसतात. अशा वेळी वाद न घालता, सूज आल्यावर तीच जोडवी कापून काढावी लागेल आणि बोटालाही धोका होईल, हे शांतपणे सांगितले तर बहुतेक जण ऐकतात.

आता वेदनेकडे येते, कारण या सगळ्यात मी सर्वांत जास्त वजन तिलाच देते. मोडलेले हाड दुखतेच, पण ते नीट बसवून आधार दिल्यावर आणि वेदनाशामक दिल्यावर दुखणे उतरणीला लागायला हवे. ते चढत असेल, इंजेक्शननंतरही रुग्ण कण्हत असेल आणि कोणत्याही कुशीवर त्याला चैन पडत नसेल, तर कंपार्टमेंट सिंड्रोमची, म्हणजे स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून त्यांचा रक्तपुरवठा तुटण्याची, शंका घ्यावी. पोटरी आणि हात यांतले स्नायू घट्ट आवरणाच्या कप्प्यांत असतात. आत रक्तस्राव झाला किंवा सूज आली आणि वरून प्लास्टर घट्ट असले, की कप्प्यातला दाब वाढतो आणि आधी बारीक केशवाहिन्या दबतात. कप्प्यातला दाब आणि रुग्णाचा डायस्टोलिक (खालचा) रक्तदाब यांत ३० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा कमी अंतर उरले, की शल्यचिकित्सक आवरण उघडण्याचा विचार करतात. मोठ्या धमनीतला दाब मात्र याहून बराच जास्त असल्यामुळे तिच्यातून रक्त वाहतच राहते. म्हणूनच आत स्नायू गुदमरत असतानाही पावलावरची नाडी छान लागते आणि बोटे गुलाबी दिसतात. नाडी लागली म्हणून निर्धास्त होणे ही या कामातली सर्वांत घातक चूक आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

एक उदाहरण देते. दुचाकीवरून पडून नडगीचे हाड मोडलेला एक तरुण प्लास्टर घालून वॉर्डात आला होता. मध्यरात्रीनंतर तो पुन्हा पुन्हा इंजेक्शन मागू लागला. त्याची आई म्हणत होती, ‘सिस्टर, लहानपणापासूनच त्याला दुखणं सोसत नाही हो.’ पावलावरची नाडी लागत होती आणि नखेही गुलाबी होती. मी त्याला पाय सैल सोडायला सांगितले आणि त्याच्या पायाचा अंगठा माझ्या हाताने हळूच खाली वाकवला, त्याबरोबर तो ओरडून उठून बसला. अंगठा खाली वाकवल्यावर नडगीसमोरच्या कप्प्यातला स्नायू ताणला जातो आणि तिथे दाब वाढलेला असेल तर ही कळ असह्य असते. अंगठ्यालगतच्या बेचक्यात कापसाचा स्पर्शही त्याला दुसऱ्या पायापेक्षा अंधूक लागत होता. निवासी डॉक्टरांना ताबडतोब बोलावले, प्लास्टर उभे कापले गेले, तरीही वेदना उतरली नाही आणि त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. त्याचा पाय वाचला. स्नायूंचा रक्तपुरवठा पूर्ण तुटल्यास साधारण सहा ते आठ तासांत कायमची हानी होते, त्यामुळे ‘सकाळच्या राउंडला दाखवू’ हे वाक्य इथे चालत नाही.

मज्जातंतू तपासताना ‘बोटे हलवा’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगावे आणि कापसाने तीन ठिकाणी स्पर्श करावा: अंगठा आणि दुसरे बोट यांमधील बेचके, पावलाची वरची बाजू आणि तळवा. या तिन्ही जागा वेगवेगळ्या मज्जातंतूंच्या आहेत. मग अंगठा वर उचलायला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळवायला आणि तुमच्या तळहातावर पाऊल खाली दाबायला सांगावे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचे जे टोक हाताला लागते, त्याच्या मानेला वळसा घालून एक मज्जातंतू अगदी त्वचेखालून जातो. प्लास्टरची कड तिथे रुतली किंवा पाय बाहेर कलंडून त्या जागेवर पडून राहिला, की पाऊल वर उचलता येईनासे होते. म्हणून ती जागा बोटाने चाचपावी आणि पाय अंगठा छताकडे राहील असा ठेवावा.

हातासाठी लहान मुलांशी खेळायचा दगड, कागद, कात्रीचा खेळ उत्तम. मूठ वळल्याने मीडियन, पंजा पसरल्याने रेडियल आणि कात्री केल्याने अल्नर मज्जातंतूचे काम दिसते. अंगठा आणि तर्जनी यांचे गोल कडेही करून घ्यावे, कारण कोपराच्या वरचे हाड मोडलेल्या मुलांत मीडियनची नेमकी तीच शाखा अनेकदा दुखावते. अशा मुलांविषयी मी फार काळजीने सांगते. घट्ट बांधलेल्या हाताचे स्नायू रक्ताविना मरून बोटे कायमची आखडतात, हे जर्मन शल्यचिकित्सक रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच मांडले होते, तरी हाडवैद्याने बांबूच्या कामट्या करकचून बांधलेले हात आजही येतात. लहान मूल मुंग्या आल्याचे सांगत नाही. ते किरकिर करते, घाबरते आणि त्याला वेदनाशामक वारंवार द्यावे लागते. या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर हट्ट समजून सोडून देऊ नये.

रंग, ऊब आणि नाडी यांना फार वेळ लागत नाही. सावळ्या त्वचेवर फिकेपणा कळत नाही, म्हणून नखे आणि तळवे पाहावेत. नेलपॉलिश पुसावे, आणि नखांवर मेंदी असेल तर बोटाच्या टोकाचा मांसल भाग दाबून पाहावा. दाब सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत लाली परत यायला हवी. ऊब हाताच्या पाठीने तपासावी. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, तेव्हा घोट्याच्या आतल्या बाजूच्या हाडामागेही पाहावे.

डोक्याला मार लागून ग्लासगो कोमा स्केलचे (शुद्धीची पातळी मोजणाऱ्या मापाचे) गुण पूर्ण १५ वरून उतरलेल्या किंवा कमरेतून भूल दिलेल्या रुग्णाची वेदना तुम्हाला कळणारच नाही. तिथे प्लास्टरबाहेर दिसणारी सूज, उघड्या भागाचा टणकपणा आणि दोन्ही पायांतला फरक यांवरच भिस्त असते, म्हणून अशा रुग्णावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.

शंका आल्यास पाय उशांवर चढवू नये, कारण त्यामुळे आत येणारे रक्त आणखी कमी होते. तो हृदयाच्या पातळीवर ठेवावा. डॉक्टरांना लगेच कळवावे आणि ते पाहीपर्यंत तोंडाने काही देऊ नये. प्लास्टर कापताना आतला कापूसही त्वचेपर्यंत कापला गेला आहे ना, हे पाहावे, कारण रक्ताने भिजून वाळलेला कापूसही तितकाच आवळतो.

नोंदीत ‘पाय ठीक’ असे लिहू नये. ‘रात्री १.३०: वेदना १० पैकी ८, इंजेक्शननंतरही तेवढीच, अंगठा खाली वाकवल्यावर तीव्र कळ, पहिल्या बेचक्यात स्पर्श कमी, अंगठा वर उचलण्याचे बळ ५ पैकी ३, नाडी लागते, डॉक्टरांना १.३५ ला कळवले’ अशी नोंद केली, तर पुढच्या तासाला काय बिघडले हे कोणालाही ताडून पाहता येते. पहिले २४ तास तरी ही तपासणी दर तासाला करावी, आणि पाळी बदलताना दोन्ही परिचारिकांनी खाटेपाशी उभे राहून ती एकत्र करावी, कारण एकीला ‘स्पर्श कमी’ म्हणजे किती कमी वाटला हे दुसरीला कागदावरून कळत नाही.