झेनॉनच्या मागे धावू नका, चिठ्ठी मात्र नीट लिहून घ्या

वडिलांच्या पायाच्या शिरेत मागे गुठळी झाली होती, तीन महिने धाप लागतेय, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) वाढल्याने कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेत औषध सोडून काढायचा) नको म्हणतात आणि चिठ्ठीवर 'झेनॉन लंग स्कॅन' लिहिलंय, म्हणजे किरणोत्सारी झेनॉन वायू हुंगवून फुप्फुसात हवा कुठे पोचते ते पाहायचं. सोलापूरच्या आसपास झेनॉन कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंत. आमच्या घरीही अशाच चिठ्ठीने घोळ झाला होता, म्हणून लिहितोय.

झेनॉनचा हट्ट सोडा. झेनॉन-१३३ चे गॅमा किरण ८१ केईव्हीचे (केईव्ही म्हणजे किरणांच्या ऊर्जेचं माप), म्हणजे कमी ऊर्जेचे, त्यामुळे चित्र धूसर, आणि बहुधा पाठीकडूनच घेतात. वायू हवेच्या साडेचार पट जड, म्हणून जमिनीलगत एक्झॉस्ट लागतो, उच्छ्वासासाठी कोळशाचा फिल्टर लागतो. शिवाय तो चरबीत मुरतो. फॅटी लिव्हर असेल तर उजवीकडे खाली हवा अडकल्यासारखं दिसतं. किरणोत्सारी टेक्नेशियम घातलेल्या डीटीपीए या औषधाच्या हुंगायच्या वाफेने किंवा टेक्नेगॅसने (टेक्नेशियमचे हुंगायचे बारीक कण) तेच काम सगळ्या बाजूंनी होतं.

आता खरी चूक. आमच्या चिठ्ठीवर नुसतं 'लंग स्कॅन' होतं. सेंटरच्या काउंटरवर कुणी काही विचारलं नाही, थेट एमएएचं इंजेक्शन दिलं (रक्तासोबत फुप्फुसात जाणारे, टेक्नेशियम लावलेले प्रथिनाचे कण). रक्त कुठे पोचत नाही ते दिसलं, पण तिथे हवा जाते का? ते कळल्याशिवाय गुठळी की जुना दमा, सांगता येत नाही. त्याच दिवशी डीटीपीएही देता येईना, कारण दोन्हींत टेक्नेशियमच, १४० केईव्ही. अर्धायुष्य ६ तास. दुसऱ्या दिवशी सोळावा हिस्सा उरल्यावरच पुढचं. परगावी मुक्काम, आजारी माणसाची फरफट! एक प्रश्न विचारला असता तर हे टळलं असतं, याचा राग अजून आहे.

म्हणून चिठ्ठीवर 'आधी व्हेंटिलेशन, मग परफ्यूजन, एकाच भेटीत, शक्यतो स्पेक्ट' असं लिहून घ्या (म्हणजे आधी हवेचं, मग रक्ताचं चित्र; स्पेक्ट म्हणजे कॅमेरा फिरवून काढलेलं त्रिमितीय चित्र) आणि निघण्याआधी फोनवर खात्री करा. डीटीपीए फुप्फुसात साधारण १ मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप), नंतर एमएए ४, म्हणजे दुसरं पहिल्यावर उठून दिसतं. टूडी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट दाखवाच: फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब जास्त असेल तर एमएएचे कण ३-४ लाखांऐवजी लाखभरच देतात. छातीचा एक्स-रे २४ तासांतला हवा. इंजेक्शन झोपवून, सावकाश. सिरिंजमध्ये रक्त ओढलं तर कण गुठळ्यांत चिकटतात आणि चित्रात खोटे ठिपके येतात.

झेनॉन-१२९ च्या एमआरआयबद्दलही वाचलं असेल. त्यात किरणोत्सार नाही, अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली. पण ती हवेची तपासणी, गुठळीची नव्हे.

मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पुण्याला जायचं ठरलं तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस बरी. पण अचानक छातीत दुखलं, ऑक्सिजन घसरला किंवा चक्कर आली, तर स्कॅनची तारीख विसरून जवळच्या इमर्जन्सीत न्या.