तुमचे प्रश्न: एकच सँपल, आकडे मात्र दोन

प्रश्न: ताई, मी एम.एस्सी. बायोटेकला आहे, गंगापूर रोडला कॉलेज आहे. प्रोजेक्टसाठी सिरममधला ईजीएफआर (पेशीवरचं एक रिसेप्टर प्रोटीन) एलायझा किटने, म्हणजे अँटीबॉडीने पकडून रंगावरून, मोजतेय. किट महाग, म्हणून प्लेटच्या अर्ध्या स्ट्रिप (आठ-आठ वेलच्या पट्ट्या; वेल म्हणजे सँपल टाकायचे खळगे) डिसेंबरमध्ये वापरल्या आणि उरलेल्या फ्रिजमध्ये ठेवून मार्चमध्ये. स्टँडर्ड, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेले नमुने, फक्त डिसेंबरला लावले, आणि दोन्ही वेळचे आकडे त्यांच्याच रंगावरून काढलेल्या कर्व्हवरून (आलेखावरून) काढले. तेच सँपल मार्चमध्ये जवळपास दुप्पट येतंय, आणि कडेच्या वेलमध्ये रंग गडद. किट खराब निघालं का?

उत्तर: किटवर लगेच खापर फोडू नकोस गं, आधी तो कर्व्ह बघ. स्टँडर्ड दर वेळी, त्याच प्लेटवर, सँपलच्या बरोबरच लावायचं असतं, कारण ४५० नॅनोमीटरला मशीन जे दाखवतं तो फक्त रंग आहे, आणि रंग किती चढणार हे त्या दिवशीच्या खोलीवरही असतं. निफाडचा पारा घसरला की नाशिकच्या लॅबमध्येही सकाळी बोटं आखडतात, तेव्हा टीएमबी (रंग आणणारं द्रव्य) टाकून पंधरा मिनिटं झाली तरी वेलमध्ये जेमतेम आभाळी रंग दिसतो, आणि मार्चच्या दुपारी तेवढ्याच वेळात चांगला गडद निळा. हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग डिसेंबरच्या कर्व्हवर मार्चचा रंग वाचला की आकडा फुगणारच.

स्टँडर्डचे आठ पॉइंट डुप्लिकेटमध्ये (प्रत्येक दोन-दोन वेलमध्ये) म्हणजे १६ वेल, दोन स्ट्रिप जातात हे खरंय, जीवावर येतं, पण तिथे काटकसर केली की बाकीच्या वेलही वाया. शक्यतो सगळे सँपल जमवून ९६ वेल एकाच दिवशी लाव.

कडेचं म्हणशील तर, फ्रिजमधून काढलेली प्लेट तशीच वापरली की कडा आधी गरम होतात आणि मधल्या वेल गारच राहतात. प्लेट, बफर सगळं अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेव, सीलर लाव, पंखा बंद कर, प्लेटवर प्लेट रचू नकोस. आणि शेवटच्या वॉशनंतर प्लेट उलटी करून टिश्यूवर नीट ठोक, थेंब राहिला की डुप्लिकेट जुळत नाहीत.

अजून एक, रिपोर्टमध्ये ‘सोल्युबल ईजीएफआर’ असं लिही. अख्खा रिसेप्टर साधारण १७० किलोडाल्टनचा आणि पेशीच्या पडद्यात रुतलेला, रक्तात मुख्यतः त्याचा बाहेरचा तुकडा सापडतो, तुझं किट तोच पकडतंय.

प्रश्न: सातपूरहून लिहितेय. बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर आहे, बायोप्सीत एचईआर२ (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन) ‘२+’ आलंय, डॉक्टरांनी फिश टेस्ट (त्याच्या जनुकाच्या प्रती मोजणारी) सांगितलीय. एक ओळखीची मुलगी लॅबमध्ये असते, ती म्हणते रक्तातून एचईआर२ मोजायचं किट आहे. ते केलं तर चालेल का?

उत्तर: नाही हो ताई, ते त्याच्या जागी चालणार नाही. लॅबमधल्या अशा बऱ्याच किटवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलंच असतं. २+ म्हणजे अजून हो-नाही ठरलेलं नाही, आणि ट्रास्टुझुमॅबसारखं एचईआर२वर नेम धरणारं औषध द्यायचं का हे गाठीच्या तुकड्यावरूनच ठरवतात. पुन्हा सुई टोचतील म्हणून बहीण घाबरली असेल तर तिला सांगा की फिश बहुतेक वेळा बायोप्सीच्या त्याच मेणाच्या ब्लॉकवर होते. तो ब्लॉक कुठल्या लॅबकडे आहे ते मात्र आजच फोन करून विचारा.