पानठेल्यावरची पैज अन् मनगटातलं वय

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न : आमच्या गावात पानठेल्यावर पैज लागली हाय. मी म्हणतो भारत फुटबॉलचा वर्ल्डकप खेळला, बाकीचे पाच जण म्हणतात एकदाही नाही. हरलो तं सगळ्यांचा चहा अन् आलूबोंडे माझ्यावर. छापून द्या, दाखवायला कामी येईल.
— एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, आलूबोंड्याचा खर्च अर्धा-अर्धा करा, कारण बरोबर तुम्हीही आहात अन् तेही. मोठ्यांची टीम 1950 ला ब्राझीलला जाणार होती ती गेलीच नाही, अन् त्यानंतर आजवर तिचा नंबर लागला नाही. पण 17 वर्षांखालची पोरं 2017 च्या ऑक्टोबरात खेळली, वर्ल्डकप आपल्याच देशात होता त्यामुळं यजमान म्हणून थेट एंट्री. अमेरिकेनं 3-0 हरवलं, कोलंबियानं 2-1, घानानं 4-0. म्हणजे तीन मॅच, तिन्ही हार, खाल्ले 9 अन् मारला 1.

आता त्या एकाबद्दल सांगू द्या. 9 ऑक्टोबर, सोमवार, दिल्लीचं नेहरू स्टेडियम. इकडं आमच्या घरी सोयाबीन काढणीचा सिझन, दिवसभराच्या कामानं सगळे पेंगत होते, तरी टीव्ही चालू. 82 व्या मिनिटाला संजीव स्टॅलिननं कॉर्नर मारला अन् मणिपूरच्या जीक्सन सिंगनं उंच उडी घेऊन डोक्यानं बॉल जाळीत घातला, 1-1! फिफाच्या वर्ल्डकपमधला भारताचा पहिलाच गोल. ओसरीवर जो कल्ला झाला त्यात पुतण्याच्या लाथेनं फुटाण्याची ताटली उडाली, आम्ही खाली बसून फुटाणे वेचत होतो तेवढ्यात कोलंबियाच्या पेन्यालोझानं दुसरा गोल करून टाकला. मिनिटभरात! मी तो गोल पाहिलाच नाही, फुटाणेच पाहत होतो. त्या टीमीत आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, हे पानठेल्यावर जरूर सांगा.

प्रश्न : भारतानं अर्जेंटिनाला हरवलं असा मेसेज फिरून राहिला. फेकाफेकी हाय ना?
— एक विद्यार्थी, पुसद

उत्तर : नाही बाप्पा, खरं आहे, फक्त मेसेजवाल्यानं मेस्सीचा फोटो काहून चिकटवला ते त्यालाच माहीत. 2018 च्या ऑगस्टमध्ये स्पेनमध्ये कोटिफ कप नावाच्या स्पर्धेत आपल्या 20 वर्षांखालच्या टीमनं अर्जेंटिनाच्या त्याच वयाच्या टीमला 2-1 हरवलं. दीपक टांगरीनं चौथ्याच मिनिटाला गोल केला, पुढं अन्वर अलीनं फ्री-किकवर दुसरा. तेही दहा जणांवर, कारण दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच आपल्या एकाला रेड कार्ड मिळालं होतं. कोणाला? वर ज्याचं कौतुक केलं त्याच अनिकेतला. असो.

प्रश्न : सॅफ स्पर्धेत आपली छोटी टीम नेहमी जिंकते, मग आशियात गेल्यावर काय होते?
— एक क्रीडाशिक्षक, ता. चिमूर

उत्तर : सर, सॅफ म्हणजे नेपाळ, बांगलादेश, भूतान, मालदीव असे शेजारी, तिथं आपण दादा. 16-17 वर्षांखालच्या गटात 2022 पासून 2025 पर्यंत दरवर्षी कप आपल्याकडेच. आशियात मात्र समोर जपान, कोरिया, इराण, उझबेकिस्तान, तिथं आपण दारापर्यंत जातो अन् उंबरठ्यावर अडकतो. 2018 ला मलेशियातल्या आशियाई स्पर्धेत कोच बिबियानो फर्नांडिस सरांच्या पोरांनी व्हिएतनामला 1-0 हरवलं, इराण अन् इंडोनेशियासोबत 0-0 केलं, म्हणजे गटात एकही गोल खाल्ला नाही, अन् क्वार्टर फायनलला कोरियाकडून 1-0 हरले. ती एक मॅच जिंकली असती तं 2019 च्या वर्ल्डकपचं तिकीट पक्कं होतं. माझ्या मते आपल्या पोरांच्या रेकॉर्डात 2017 पेक्षा हीच स्पर्धा मोठी, कारण इथं कोणी यजमान म्हणून बोलावलं नव्हतं. जळायची गोष्ट अशी, की तेव्हा आशियातल्या चारच टीम वर्ल्डकपला जायच्या, 2025 पासून वर्ल्डकप 48 टीमचा झाला अन् आशियाच्या जागा आठ, म्हणजे तीच क्वार्टर फायनल आता गाठली तं काम झालं. 2023 ला थायलंडमध्ये जपाननं 8-4 धुतलं, पण जपानला चार गोल मारणं काही खायचं काम नाही. अन् 2025 च्या नोव्हेंबरात अहमदाबादला इराणला 2-1 हरवून पोरं पुन्हा आशियाई स्पर्धेला पात्र झाली.

अन् हो, 1974 ला बँकॉकला आपली ज्युनियर टीम आशियाची विजेती होती, फायनल इराणसोबत 2-2 सुटली म्हणून कप दोघांत वाटून. कॅप्टन शब्बीर अली. पन्नास वर्षं झाली, वर्गात एखाद्याला विचारून पहा, माहीत असलं तं मला कळवा.

प्रश्न : मुलीची टीम असते का? माझी लेक पोट्ट्यांसोबत खेळते, सासूबाई रागावतात.
— एक आई, ता. आर्वी

उत्तर : असते ताई. 2022 ला मुलींचा 17 वर्षांखालचा वर्ल्डकपही भारतातच झाला. अमेरिकेकडून 8-0, मोरोक्कोकडून 3-0, ब्राझीलकडून 5-0, लपवून काय करू. पण 2025 च्या ऑक्टोबरात ह्याच वयाच्या मुली बिश्केकला उझबेकिस्तानला 2-1 हरवून आशियाई स्पर्धेला पात्र झाल्या. 2022 ची कॅप्टन अष्टम उराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, खेड्यातलीच पोरगी. सासूबाईंना एखादी मॅच सोबत बसवून दाखवा, ओरडायला लागल्या तं समजा जमलं.

प्रश्न : मुलाचं वय शाळेत दीड वर्षानं कमी लागलं हाय, सुब्रतो कपला (शाळांची फुटबॉल स्पर्धा) त्याचा फायदा होईल असं एक जण म्हणे. तसंच राहू द्यावं का?
— एक पालक, ता. मोहाडी

उत्तर : नको, भाऊ. आपल्याकडं अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जूनला का येतो ते सगळ्यांना माहीत आहे, मास्तरनं लिहिलं अन् बापानं मान हलवली. माझाही तसाच. पण फिफा 2009 पासून 17 वर्षांखालच्या वर्ल्डकपला मनगटाचा एमआरआय काढते. वाढत्या वयात मनगटाजवळच्या हाडात कूर्चेची एक पट्टी असते, वाढ पुरी होत आली की ती भरून हाड सलग होते. पट्टी पूर्ण भरलेली दिसली तं पोरगा 17 च्या वरचा धरतात, मग दाखला कितीही चकचकीत असो. तालुक्याला, जिल्ह्याला कागदावर निभून जाईल, पण पोरगा खरंच चांगला निघाला तं पुढं कुठंतरी अडकेल, तेही ऐन वेळेला. अन् तोवर दीड वर्षानं लहान पोरांना धक्के मारून जिंकायची सवय लागली असते ते वेगळंच. ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला काढा, नोंद सापडली तं मुख्याध्यापकांना भेटून शाळेतली तारीख दुरुस्त करायचा अर्ज द्या, दहावीच्या फॉर्मच्या आधी.