बाबांना 10 हजार कबूल करायच्या आधी हे वाच

फिटरचा आयटीआय झाला, लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली, पगार 16,000, आणि जॉईन व्हायच्या आधीच तू बाबांना दर महिन्याला 10,000 कबूल करून बसलास आणि आता मला विचारतोयस जमेल का. नाही जमणार रे, आणि हे बाबांना आत्ताच सांग.

16,000 हातात येतच नाहीत. तुझ्या लेटरमध्ये बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 12,000 आहे, त्याचे 12 टक्के पीएफ म्हणजे 1,440, ईएसआय (आजारपणाच्या सरकारी विम्याचा हप्ता) 16,000 वर 0.75 टक्के म्हणजे 120, प्रोफेशनल टॅक्स 200, राहिले 14,240, आणि फेब्रुवारीत तो टॅक्स 300 कापतात म्हणून 14,140. ओव्हरटाइम धरून 17,000 पर्यंत जाईल म्हणतोस, पण ओव्हरटाइम कंपनीच्या कामावर आहे, तुझ्या मनावर नाही. वहीत लिही, 14,140 ≤ पगार ≤ 17,000, म्हणजे 14,140 पेक्षा कमी नाही आणि 17,000 पेक्षा जास्त नाही, आणि बजेट कायम डावीकडच्या आकड्यावरच बांध.

खोली शेअरिंगमध्ये 2,500, मेस 3,200, रिचार्ज आणि एसटी 800, झाले 6,500. शिवाय 1,500 तुझे स्वतःचे, त्यांना कात्री लावू नको, कारण दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तू ते करावंस असं मला मनापासून वाटतं. आता घरी पाठवायचे ते घ धर. 6,500 + 1,500 + घ ≤ 14,140, म्हणजे घ ≤ 6,140. घरच्या होडीच्या लोनचा हप्ता 4,000 आहे, तेवढे तर जायलाच हवेत, म्हणून 4,000 ≤ घ ≤ 6,140. बाबांना एकच आकडा नको, ही रेंज सांग.

खरी ओढाताण पावसाळ्यात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, इंजिनाची होडी वर ओढून झापांखाली झाकलेली, आणि तेव्हा घरी 7,000 तरी लागतात असं तूच लिहिलंयस. मग घ ≥ 7,000 पण हवा आणि घ ≤ 6,140 पण, असा आकडाच नाही! महिन्याला 860 कमी, दोन महिन्यांचे 1,720. ते मेच्या आधीच्या ओव्हरटाइममधून पोस्टात टाकून ठेव, गणपतीचं नंतर बघू.

आणि जॉईन होताना कॅन्टीन, बसचे पैसे पगारातून कापतात का ते विचारून घे, कापत असतील तर तेही 14,140 मधून वजा कर आणि घ ची वरची मर्यादा परत काढ.