मुंबईत तोट्यात चाललेल्या रेस्टॉरंट-बारचा मेनू आणि कन्सेप्ट बदलला तर धंदा उठतो का?

तुम्ही लिहिलंय की काकांची अंधेरीला परमिट रूम आहे, वर्षभर गल्ला खाली खाली चाललाय, आणि एक कन्सल्टंट 'कोस्टल किचन अँड बार' करा म्हणून मागे लागलाय. नाव नवं, इंटिरियर नवं, मेनू नवा. करावं का?

कन्सल्टंट फी आगाऊ मागतोय ना? मग तो त्याच्या परीने धंद्यात फायद्यातच आहे. तुमचं काय, ते सांगते. थोडं लांबेल, कारण हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

आमचं हॉटेल परळला. सासऱ्यांनी गिरणी कामगारांसाठी खानावळ म्हणून सुरू केलं होतं. महिन्याचे मेंबर, दोन वेळचं जेवण, पगार झाला की पैसे. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला, अडीच लाख कामगारांचे पगार थांबले आणि आमचाही गल्ला थांबला. संप आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत सासऱ्यांनी उधारीवर माणसं जेवू घातली. ती वही मी पाहिलीय, वसुलीची एक ओळ नाही तिच्यात. पुढे त्यांनी परमिट रूमचं लायसन्स काढलं. म्हणजे कन्सेप्ट त्यांनीही बदललाच की! पण आचारी तेच, टेबलं तीच, बोंबील तोच. आधी माणूस जेवायला यायचा, आता बसायला यायचा आणि जेवून जायचा.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून हिशेब माझ्याकडे. बाईमाणूस बारचे हिशेब लिहिते म्हटल्यावर माहेरी भुवया उंचावल्या होत्या, असो. २०१८ मध्ये माझ्या दिरांच्या, म्हणजे भावोजींच्या, डोक्यात कन्सेप्ट शिरला. लोअर परळला गिरण्यांच्या जागेवर काचेच्या इमारती झालेल्या, पोरंपोरी शुक्रवारी रात्री पाण्यासारखा पैसा ओततात, आणि आपण इथे क्वार्टर आणि चणे विकतोय, असं त्यांचं म्हणणं. मी आकडे काढून समोर ठेवले तर मला म्हणाले, "वहिनी, हिशेब तुमचा चोख आहे, पण कन्सेप्ट तुम्हाला नाही कळायचा." आमचे हे दोघांच्या मध्ये बसून मोबाईल बघत होते.

मग कन्सल्टंट आला. त्याने पहिल्या दिवशी काय बंद केलं असेल? फुकटचा चखणा. उकडलेले हरभरे, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. आमच्याकडे पहिल्या पेगबरोबर वाटी टेबलावर यायचीच, सांगावं लागायचं नाही. त्या जागी 'बार बाइट्स', १४० रुपये. आमचे कॅप्टन पंचावन्नच्या पुढचे. सगळं गिऱ्हाईक त्यांना मामा म्हणायचं आणि कोण सोड्याबरोबर घेतो, कोण नुसत्या पाण्याबरोबर, हे त्यांना तोंडपाठ. त्यांना काळा टी-शर्ट घालून दारात "हाय गाइज" म्हणायला उभं केलं. केईएमची शिफ्ट सुटल्यावर येणारे, बेस्टच्या डेपोतले, बँकेतून रिटायर झालेले, यांना मामा "हाय गाइज" म्हणतायत हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या एकाने तिथल्या तिथे हात जोडले आणि जिना उतरला.

पण खरा घात बोंबलाचा झाला. आमच्याकडे बोंबील सकाळी भाऊच्या धक्क्यावरून यायचा. आमचे आचारी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तो साफ करून, मधोमध चिरून, काटा काढून उघडा करायचे, मीठ लावून लाकडी फळीवर ओळीने मांडायचे. वर दुसरी फळी आणि तिच्यावर पाटा. दुपारचं जेवण उरकेपर्यंत तो तसाच दाबून राहायचा, पाणी निथळून मोरीत जायचं. संध्याकाळी आलं-लसूण, हळद, तिखट, आगळ आणि रव्यात घोळवून तव्यावर. उचलला तर वाकायचा नाही. नव्या शेफला ती फळी हायजीनमध्ये बसेना. त्याने बोंबील कागदाने टिपला, पिठात बुडवून तळला आणि नाव ठेवलं 'बॉम्बे डक टेंपुरा'. टेबलावर पोचेपर्यंत मऊ. आमच्या पूर्ण प्लेटच्या पैशात अर्धी प्लेट. आबांनी दोन महिने बघितलं आणि पलीकडच्या गल्लीतल्या हॉटेलात लागले. गिऱ्हाईकही त्यांच्या मागोमाग तिकडे गेलं. मेनू कार्डावर छापलेला असतो, पण तो असतो आचाऱ्याचा. हे भावोजींना आजही मान्य नाही.

दुपारची राइस प्लेटही बंद केली, कारण 'ब्रँड इमेज'. टाटा हॉस्पिटलमध्ये पेशंट घेऊन आलेली गावाकडची माणसं दुपारी आमच्याकडे जेवायची. दारूचा थेंब नाही, टिप नाही, पण भाजी, गॅस आणि पोरांचे पगार त्या दुपारवर निघायचे.

आता पैशाचं. हे तुमच्या काकांना मुद्दाम सांगा, कन्सल्टंट सांगणार नाही. १५ नोव्हेंबर २०१७ पासून रेस्टॉरंटच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे इंटिरियरवाल्याच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो, कुठेही वळता होत नाही. दुसरं, परमिट रूमच्या लायसन्सला मंजूर नकाशा जोडलेला असतो. बार काउंटर या भिंतीचं त्या भिंतीला न्यायचं तरी आधी एक्साईजची परवानगी लागते. आणि २९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्या कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ माणसं गेली, त्यानंतर फायर ब्रिगेडचं बघणं बदललं, आणि बदलायलाच हवं होतं. आमचं नवं फॉल्स सीलिंग त्यातच अडकलं. काम थांबलं, हॉटेल बंद, पगार मात्र चालू.

भावोजी चारचौघांत सांगतात की कन्सेप्ट उत्तम होता, करोनाने बुडवला. लॉकडाऊन लागला मार्च २०२० मध्ये. त्याच्या आधीची दिवाळी बघा ना! २०१९ च्या दिवाळीच्या आठवड्यातला गल्ला जुन्या हॉटेलच्या साध्या आठवड्याएवढाही नव्हता, आणि हे मी माझ्या हाताने लिहिलंय. शुक्रवारी पोरं यायची, फोटो काढायची, धूर निघणारं एक कॉकटेल चौघांत घ्यायची आणि पुढच्या शुक्रवारी दुसरीकडे. सोमवार ते गुरुवार आम्ही पंखे बघत बसायचो. जुनं गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यात जातं, नवं यायला दीड-दोन वर्षं लागतात, आणि मधला काळ कोणाच्या पैशाने काढायचा याचं पान कन्सल्टंटच्या फाइलीत नसतं. करोनाने आमचं भावोजींच्या डोक्यातलं हॉटेल बुडवलं असेल, परळचं त्याआधीच बुडालं होतं.

उघडलं तेव्हा आम्ही जुन्यावर आलो. लॉकडाऊनमध्ये आबा गावी गेले ते परतले नाहीत, त्यांचा भाचा आला. त्याला फळी ठाऊक होती. भावोजी आता डोंबिवलीला इंटिरियरची कामं घेतात, आणि चांगली घेतात.

तर तुमचं. आधी जुने केओटीचे, म्हणजे वेटर किचनमध्ये ऑर्डर देतो त्या चिठ्ठ्यांचे, गठ्ठे काढा. पावसाळ्यातले वेगळे, थंडीतले वेगळे. कोणता आयटम किती वेळा गेला, एवढंच मांडत बसा. आमच्या जुन्या मेनूत दोनशेच्या वर आयटम होते, गल्ला होता तीसेक आयटमांवर. बाकीचे नुसते फ्रीज अडवून बसलेले. मेनू बदलू नका, कापा. दुसऱ्या पेगबरोबर काय मागवतात ते वेगळं लिहा, कारण माणूस उठतो की बसतो ते तिथे ठरतं. चायनीजचा वेगळा कुक फक्त दोन आयटमांसाठी ठेवला असेल तर त्याचा पगार आधी बघा.

दारूच्या नफ्यावर तर विसंबूच नका. १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, आणि तो बसून पिणाऱ्याला, वाइन शॉपमधून घरी नेणाऱ्याला नाही. २०२५ मध्ये लायसन्स फी १५ टक्के वाढली, वर उत्पादन शुल्कही. १४ जुलै २०२५ ला हॉटेलवाल्यांच्या 'आहार' संघटनेच्या हाकेवर राज्यभर बार बंद राहिले ते याचसाठी. म्हणजे तीच बाटली माणसाला घरी कितीतरी स्वस्त पडते. तरी तो तुमच्याकडे येतो तो गरम चखणा, बसायची जागा आणि ओळखीचा वेटर यासाठी. नेमकं तेच कन्सल्टंट काढून टाकायला सांगतोय.

'कोस्टल' करणारच असाल तर त्याला एक विचारा: १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा काय वाढणार? बर्फातली सुरमई नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली, तीही महाग. त्याच्या मागोमाग श्रावण, मग गणपती. या सगळ्यात चालेल असं सुकं मटण, अंडी, वाल, काळ्या वाटाण्याची उसळ मेनूत नसेल तर त्याने कोकण फक्त फोटोत पाहिलंय.

एक राहिलं. आमची जागा पागडीची, भाडं नावापुरतं, म्हणून इतकं सगळं होऊनही आम्ही तग धरला. तुमचं लीज असेल तर माझं अर्धं गणित तुम्हाला लागू नाही. आणि वस्तीच बदलली असेल, जुनी माणसं घरं विकून विरार-बदलापूरला गेली असतील, तर मी म्हणते तसं जुनं धरून बसण्यातही अर्थ नाही. तेव्हा बदलावंच लागतं, सासऱ्यांनी बदललं तसं. अंधेरीत तुमच्या गल्लीत काय झालंय ते मला इथून दिसत नाही. संध्याकाळी सात ते नऊ दारासमोर खुर्ची टाकून काकांना बसवा. समोरून जाणाऱ्यांत आत येऊ शकतील अशी माणसं किती आणि ती कुठे जाऊन बसतायत, ते त्यांना बघू दे. कन्सल्टंटला फोन त्यानंतर करा, आणि फी तीन हप्त्यांत देऊ म्हणा, शेवटचा हप्ता पुढच्या दिवाळीनंतर.