मुंड, तीक्ष्ण, कांत : ‘मुंड’ म्हणजे बीड का?

प्रश्न असा : रसग्रंथांत (धातू व पारा यांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत) लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे प्रकार येतात. त्यांतले मुंड म्हणजे बीड (ओतीव लोखंड) आणि तीक्ष्ण म्हणजे पोलाद, असे मानावे का?

तीक्ष्णापुरते, हो. जुन्या मराठीत पोलादाला ‘तिखे’ म्हणत, ते याच शब्दावरून. मुंडाला मात्र सरसकट बीड म्हणू नये.

कारण भट्टीत आहे. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. कोळशाची, हातभात्याची मातीची भट्टी साधारण १२०० अंशांच्या आसपास चाले. (नागपूरजवळ नैकुंडला महापाषाणयुगातली अशी भट्टी सापडली आहे.) एवढ्या उष्णतेत खनिजातला ऑक्सिजन निघून जातो आणि मळी (खनिजातला दगडमातीचा गाळ) वितळते, लोखंड वितळत नाही. उरतो तो सच्छिद्र गोळा. तो धगधगीत तापलेला असतानाच घणाखाली घालून आतली मळी पिळून काढावी लागते. गोळा निवला तर मळी आतच गोठते आणि पुढे ठोकताना तिथेच चीर जाते. मळी काढलेला हा गोळा म्हणजेच ठोकीव लोखंड. बिडात कार्बन २ टक्क्यांहून अधिक, त्यामुळे ते ११५० अंशांच्या सुमारास वितळते, ओतता येते. पण घण बसला की तुकडे.

आता ‘रसरत्नसमुच्चय’ हा रसग्रंथ पाहा. तिथे मुंडाचे तीन भेद आहेत : मृदु गुळगुळीत असते आणि फुटत नाही, कुंठ घणाखाली कष्टाने पसरते, कडार ठोकले की मोडते आणि मोड (तुटलेली बाजू) काळी दिसते. बिडाशी जुळले तर एकटे कडार जुळेल. मृदु ‘लवकर वितळते’ असेही म्हटले आहे, ते ठोकीव लोखंडाला बसत नाही. म्हणून एकास एक जोड्या लावायचा हट्ट नको. ही वर्गवारी घणाखालच्या वागणुकीवर आणि मोडीच्या रंगावर केलेली आहे. कार्बन कुणी मोजला नव्हता.

पोलादासाठी दक्षिणेत याच ठोकीव लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने मातीच्या मुशीत भरून तोंड मातीने लिंपत व तासन्‌तास तापवत. कार्बन दीड टक्क्याच्या घरात जाई. असे पोलाद फार तापवून ठोकले तर भुगा होतो. लाल रंगावरच, बेताने ठोकावे लागते.

राहिला तिसरा प्रकार, कांत. त्याची परीक्षा तर थेट स्वयंपाकघरातली : त्याच्या भांड्यात दूध तापवले तर शिखरासारखे वर चढते, पण उतू जात नाही.