फायरफिश टाकीबाहेर उडी का मारतो?

प्रश्न : माझ्या १२० लिटरच्या रीफ टाकीत (प्रवाळांची, खाऱ्या पाण्याची टाकी) क्लाउनफिशची जोडी आणि एक सिक्सलाइन रास (अंगावर सहा रेषा असलेला छोटा मासा) वर्षभर आहेत. नवा फायरफिश (छोटा समुद्री मासा) सोडला. तो दगडाआड लपून राहिला आणि चौथ्या दिवशी फरशीवर मेलेला सापडला. पाण्याचे सगळे आकडे ठीक होते. काय चुकलं? – एक वाचक, पुणे

उत्तर : पहिला संशय सिक्सलाइनवर. हा मासा दिसायला इवलासा, पण टाकीत जुना झाला की नव्या, सडपातळ माशाचा पिच्छा सोडत नाही. फायरफिश फार भित्रा; घाबरला की बिळात शिरतो, बीळ सापडलं नाही तर वर झेपावतो. पाठीवरचा लांब काटा तो सारखा वरखाली हलवत असेल, तर सावध आहे असं समजा.

पुन्हा आणायचा असेल तर आधी रास दुसरीकडे हलवा. टाकीवर ६ मिलिमीटरची जाळी ताणून बसवा, वायर-पाइपच्या फटीही बुजवा. काचेचं झाकण नको, ते पुण्याच्या उन्हाळ्यात उष्णता कोंडतं. जाळीतून पाण्याची वाफ जास्त होईल; ती तूट साध्या आरओ (क्षार काढलेल्या) पाण्याने रोज भरा, खारं पाणी घालू नका, नाहीतर पाण्याची घनता (खारेपणाचं माप) १.०२५च्या वर चढत जाते.

नवा मासा टाकीतले दिवे मावळल्यावर सोडा. गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) दिवसातून दोनदा, चिमूटभरच, प्रवाहात सोडा. तळाला पडलेलं तो सहसा उचलत नाही. आणि एकच आणा. जुळलेली जोडी नसेल तर दोघांत एक मरतोच, असं धरून चाला.